भरलेली मोटरसायकल उलाळ का होते

मे महिन्यात चिपळूणहून पुण्याला परत निघालो होतो. गाडी १०० सीसीची. मी पुढे, धाकटा भाऊ मागे, आणि त्याच्या पाठीशी कॅरिअरवर घरच्या तांदळाचं २० किलोचं पोतं. पोफळीपर्यंत सगळं ठीक होतं. कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि हँडल हलकं वाटायला लागलं. वळणावर हँडल वळवलं तरी पुढचं चाक जरा उशिराच ऐकायचं, आणि सरळ पट्ट्यात गिअर बदलला की हँडल थरथरायचं. पंक्चर असेल म्हणून थांबलो, तर दोन्ही टायर शाबूत. मग पोतं सोडलं, तांदूळ दोन पिशव्यांत निम्मे-निम्मे केले, दोन्हींची तोंडं एकमेकींना बांधली आणि खोगिरासारख्या त्या सीटवरून दोन्हीकडे टाकल्या. वर भाऊ बसला. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी त्याला टेकत नाही ना, हे दोनदा पाहिलं. गाडी तीच होती, माणसं तीच आणि तांदूळही तेवढेच. पण उरलेला घाट गाडी सरळ चढून गेली.

बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. गाडीत मागच्या बाजूला जास्त भार पडला की धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. आमची मोटरसायकलही त्या दिवशी उलाळ झाली होती. सामान घेऊन गाडी चालवताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो: किती किलो आहे? त्याच्याइतकाच, खरं तर त्याहून मोठा प्रश्न आहे: ते किलो गाडीवर नेमके कुठे आहेत?

२० किलोचे २५ किलो

हिशेब सोपा आहे. रोजच्या वापरातल्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकाच्या आसांत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. मागच्या आसाच्या बरोबर वर २० किलो ठेवले, तर ते सगळे मागचं चाक उचलतं आणि पुढच्याला काही फरक पडत नाही. पण कॅरिअर आसाच्या मागे असतं. पोतं आसापासून ३० सेंटिमीटर मागे गेलं की मागचा आस टेकूसारखा वागतो. मागे भार दाबला की पुढचं टोक उचललं जातं. २० गुणिले ३०, भागिले १२५. म्हणजे पुढच्या चाकावरचं सुमारे ५ किलो वजन कमी होतं आणि मागच्यावर २० ऐवजी २५ किलो पडतं.

५ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दोघं बसलेले असताना पुढच्या चाकावर आधीच एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडाच जास्त भार असतो. त्यात घाटाचा चढ आला की आणखी दहाएक किलो मागे सरकतात. वर ॲक्सिलरेटर पिळला की आणखी थोडे. हे सगळं एकाच चाकाच्या वाट्यातून जातं, आणि तेच चाक गाडीला वळवतं. टायर रस्त्यावर जेवढं दाबलेलं, तेवढी त्याची पकड.

म्हणून सामान ठेवताना दोन दिशा धरायच्या: पुढे आणि खाली. जड वस्तू मागे बसलेल्याच्या पाठीशी न ठेवता सीटच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली आणि मागच्या आसाच्या पुढे. कॅरिअरवर ठेवायचंच असेल तर हलकं सामान: कपडे, अंथरूण, रेनकोट. पाठीवरच्या सॅकचंही तसंच. १० किलोची सॅक पाठीला लावून बसलात तर ते वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी असतं, आणि दोन तासांनी खांदे इतके भरून येतात की मान वळवून मागचं बघायचासुद्धा कंटाळा येतो. सॅक मागच्याने पाठीला लावली तर ती आसाच्या मागे लोंबते, ते आणखी वाईट.

हे ज्ञान आपल्याकडे रोज पहाटे रस्त्यावर दिसतं. दूधवाल्याची गाडी जवळून पाहा. लोखंडी स्टँड सीटच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेला असतो, त्यात दोन-दोन कॅन, कावडीसारखे तोललेले. आमच्याकडे येणारे दूधवाले काका एका घरी डावीकडच्या कॅनमधून दूध घालतात, तर पुढच्या घरी उजवीकडच्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "एकच बाजू रिकामी झाली तर गाडी दुसरीकडे ओढते." अर्ध्या कॅनबद्दलही ते सांगतात. पूर्ण भरलेला कॅन शांत असतो, अर्धा भरलेला हिंदकळतो, आणि ब्रेक दाबल्यावर दूध उशिराने पुढे येऊन धक्का देतं. तेल, पाणी, डिझेल, काहीही पातळ न्यायचं असेल तर भांडं तोंडापर्यंत भरा, नाहीतर छोटं भांडं घ्या.

हँडलला पिशव्या अडकवण्याची सवय मात्र कृपा करून सोडा. भाजीची पिशवी हँडलला असली की सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. गल्लीच्या तोंडाशी पूर्ण वळण घेताना ती हँडल आणि टाकीच्या मध्ये अडकते आणि हँडल तिथेच थांबतं. पिशवीचा बंद ब्रेकच्या लिव्हरवर ओढला जातो तो वेगळाच. स्कूटरच्या पायाखालच्या जागेत स्वयंपाकाचा सिलिंडर नेतात, त्याचंही तेच. १४.२ किलो गॅस आणि लोखंडी टाकी मिळून जवळपास ३० किलोची ती गोल वस्तू बांधलेली नसते, हँडल तिला आपटतं, आणि पाय बाहेर लोंबत असल्याने तोल गेला तर सावरायला काही उरत नाही.

बांधणं

बांधण्यात एकच परीक्षा आहे. सामान दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे. सामान एकटं हललं तर पुन्हा बांधा.

दोऱ्या गाडीच्या सांगाड्याला, कॅरिअरच्या दांड्याला, मागच्या पकडायच्या दांड्याला बांधायच्या. इंडिकेटरला, नंबरप्लेटला, मडगार्डच्या प्लास्टिकला नाही. किमान चार ठिकाणी आणि एकमेकींना फुली मारून, म्हणजे सामान पुढेही सरकत नाही आणि बाजूलाही. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, तिची गाठ धक्क्यांनी आपोआप सैल होते. निरगाठ मारून वर आणखी एक वेढा द्या. मला स्वतःला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या सगळ्यात भरवशाच्या वाटतात. त्या ताणून बांधल्या की सामान दबलं, बसलं तरी ताण धरून ठेवतात, आणि रबर रबराला चिकटून राहतं. हुकाचे रबरी पट्टे वापरत असाल तर ताणताना तोंड बाजूला ठेवा. सुटलेला हुक थेट डोळ्यावर येतो.

दोरीचं उरलेलं टोक लोंबत सोडू नका. ते चाकाच्या आऱ्यांत किंवा चेनमध्ये गेलं की मागचं चाक धावत्या गाडीवर जाम होतं. ओढणी, पदर, रेनकोटची नाडी, सॅकचे पट्टे यांचा धोका हाच आहे. साडी गार्ड त्यासाठीच असतो. स्टायलिश दिसावी म्हणून तो काढून टाकणाऱ्यांनी आपल्या मागे कोण कोण बसतं ते एकदा आठवावं.

निघाल्यावर १० ते १५ किलोमीटरवर थांबा आणि सगळं पुन्हा ओढून बघा. पोतं बसतं, पिशवीतल्या वस्तू खाली जातात, दोरी सैल होते. हा पहिला थांबा मी चहाला जोडून ठेवलाय, म्हणजे कंटाळा होत नाही.

निघण्याआधीची दहा मिनिटं

भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरला जास्त हवा लागते. चेन कव्हरवर किंवा मागच्या चाकाच्या आसपास एक स्टिकर असतो, त्यावर मागच्या टायरचे बहुधा दोन आकडे असतात: एकट्यासाठी आणि दोघांसाठी. तोच आकडा पंपावर सांगायचा, अंदाजाने "जरा जास्त मार" म्हणायचं नाही. हवा कमी असली की टायरच्या कडा सतत वाकतात, वाकल्याने तापतात, आणि मे महिन्याच्या डांबरावर तापलेलं टायर फुटायला फार काही लागत नाही. हवा टायर थंड असताना तपासा. चालून गरम झालेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो.

मागचे शॉकअप बहुतेक गाड्यांत चार-पाच खाचांचे असतात. भार असेल तर एक-दोन खाच कडक करा, पण दोन्ही बाजूंना सारखेच. नाहीतर गाडीची शेपटी बसते, मेन स्टँड आणि सायलेन्सर वळणावर जमिनीला घासतात, आणि हेडलाइट वर उचलला जातो. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमचा रस्ता अंधारात राहतो. स्क्रू फिरवून प्रकाश खाली घ्या. त्याच दहा मिनिटांत चेनचा ढिलेपणा, ब्रेकचा खेळ आणि मागचा दिवा बघून होतो.

सामान लादताना गाडी मेन स्टँडवर ठेवा. साईड स्टँडवर भरलेली गाडी कोकणातल्या लाल मातीत उभी केली तर स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी आडवी होते. खाली सपाट दगड घाला.

पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील." गाडी शिकताना प्रत्येकाने हे ऐकलंय. बाबांनी, काकांनी, मित्राने, ज्याने शिकवलं त्याने. प्रेमापोटीच सांगितलं, पण हे वाक्य माणसांचा जीव घेतं. म्हणून इथे जरा थांबू.

ब्रेक दाबला की गाडीचा वेग कमी होतो, पण अंगाला पुढे जायचं असतं. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो तसं. गाडीचंही वजन पुढच्या चाकावर झुकतं. एकट्या स्वाराचा ढोबळ हिशेब घेऊ. गाडी आणि माणूस मिळून १७७ किलो, उभ्या गाडीत पुढे ८० आणि मागे ९७. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारल्यावर पुढे १२३ होतात आणि मागे ५४ उरतात. आता फक्त मागचा ब्रेक दाबणारा माणूस काय करतो? ज्या चाकावर भार उरलेला नाही त्यालाच थांबवायला सांगतो. ते चाक लॉक होतं, घसरतं, शेपटी बाजूला जाते, आणि गाडी थांबायची तिथे थांबत नाही.

दोघं आणि सामान असताना हिशेब थोडा बदलतो. एकूण २६५ किलो धरा, पुढे ९० आणि मागे १७५. ब्रेकनंतर पुढे १६० आणि मागे १०५. म्हणजे भरलेल्या गाडीत मागचा ब्रेकही चांगलं काम करतो, पण मोठा वाटा अजूनही पुढच्याचाच. दोन्ही एकत्र लावायचे. पुढचा झटक्यात दाबायचा नाही, लिंबू पिळावं तसा आवळत न्यायचा: आधी हलका, वजन पुढे आलं की जोरात. झटक्यात दाबला तर वजन पुढे यायच्या आत चाक अडकतं, आणि "पडशील" म्हणणाऱ्यांना आलेला अनुभव तो हाच. हँडल वळलेलं असताना किंवा खडी, वाळू, चिखल यांच्यावर असताना मात्र पुढचा ब्रेक जोरात लावू नका. असे ब्रेक आवळणं कोरड्या मोकळ्या रस्त्यावर, २०-३० च्या वेगाने, एखाद्या रविवारी सकाळी करून बघा. वेळ आल्यावर हाताला आपोआप यायला हवं.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना किमान दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सीबीएस. एबीएस चाक अडकू देत नाही, हा मोठाच आधार आहे. पण सुट्या खडीवर ते अंतर कमी करू शकत नाही.

अंतराचंही बघा. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १० मीटरमध्ये थांबते. ८० ला २० मीटर लागतील असं वाटतं, पण लागतात ४०. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. शिवाय धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात ४० ला ११ मीटर आणि ८० ला २२ मीटर आपण नुसतेच पुढे गेलेले असतो. भरलेल्या गाडीत छोटे ड्रम ब्रेक आणखी कमी पडतात. पुढच्या एसटीपासून एरवी ठेवता त्यापेक्षा दीडपट अंतर ठेवा.

घाट उतरताना

आपल्या २६५ किलोच्या गाडीने ६०० मीटर उंचीवरून खाली यायचं म्हटलं, तर त्या उतरण्यात साठलेली ऊर्जा सुमारे ५ लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवेल एवढी असते. ती कुठेतरी जायला हवी. थोडी वाऱ्यात जाते, थोडी इंजिनात. उरलेली ब्रेकमध्ये जाते, आणि ब्रेक म्हणजे तळहाताएवढी जागा.

ड्रम तापला की फुगतो आणि ब्रेक शूपासून लांब जातो. पेडल जास्त खाली जायला लागतं, करपल्याचा वास येतो, आणि दाबलं तरी गाडी धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक पूर्ण घाटभर हलका दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी नीट दाबून वेग तोडायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मध्ये वारा लागून तो थंड होतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही दिसतात. वाचतं ते दोन-चार रुपयांचं पेट्रोल, आणि उतारावर धरायला ब्रेकशिवाय काही उरत नाही.

वळणात शिरायच्या आधी वेग कमी, वळणात नाही. नजर रस्ता जिथे संपतो तिथे ठेवा, खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. वेगात असताना गाडी डावीकडे न्यायची तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण तुम्ही नकळत रोज तेच करता. भरलेली गाडी झुकायलाही जड आणि उठायलाही, म्हणून हे मुद्दाम शिकलेलं बरं. कुंभार्ली, आंबा, वरंधा, कुठल्याही घाटातल्या आखूड वळणावर एसटीला अख्खा रस्ता लागतो. तिचा हॉर्न ऐकला की अलीकडेच थांबा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे.

पावसात ताम्हिणीसारख्या घाटात रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि डोंगराकडून माती-खडी वाहून येते. कडा टाळा. पांढरे पट्टे ओले असले की निसरडे होतात. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबून चालवा, म्हणजे ड्रममधलं पाणी सुकतं.

आणि हँडल थरथरायला लागलं तर? घट्ट पकडू नका, जोरात ब्रेक मारू नका. अंग टाकीवर पुढे झुकवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग पडू द्या. मग थांबा आणि सामान पुढे घ्या. नुसता वेग कमी करून तसंच पुढे गेलात तर पुढच्या उतारावर ते परत येणार.

मागे बसलेला माणूस

सगळ्यात जड आणि हलणारं सामान म्हणजे मागचा माणूस, आणि त्यालाच कोणी काही सांगत नाही. बसण्याआधी आणि उतरण्याआधी सांगायचं. वळणावर स्वाराच्या पाठीच्या रेषेत राहायचं, भीतीने उलट्या बाजूला झुकायचं नाही. एका अंगावर पाय सोडून बसलेल्या माणसाला पकडायला काही नसतं आणि तोलही एकीकडे जातो. घाटात तरी दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. गणपतीत मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसतात. त्या माणसाचे दोन्ही हात मूर्तीत गुंतलेले असतात, स्वतःला धरायला एकही नसतो. मूर्ती रिक्षाने आणा.

२०२२ साली देशात रस्त्यावर हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं गेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. कायद्याने (पगडी बांधणारे शीख सोडून) चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढच्याला आणि मागच्याला, हेल्मेट लागतंच; नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट आणि मोठ्याला बांधायचा पट्टा, आणि वेग ४० च्या आत. दंड बाजूला ठेवा. आयएसआय शिक्का बघून दोन हेल्मेट घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेट रस्त्यावर एकीकडे जातं आणि डोकं दुसरीकडे. पेटी बसवायची असेल तर तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत हवी, असं केंद्र सरकारने २०२० मध्ये ठरवलंय. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर मागे कुणाला बसवता येत नाही.

घरी पोचल्यावर एक काम बहुतेकांचं राहून जातं. सामान उतरतं, गाडी रिकामी होते, पण मागच्या टायरमधली हवा दोघांची आणि शॉकअप कडकच राहतात. दुसऱ्या दिवशी एकटे ऑफिसला निघालात की मागचं चाक खड्ड्यात उडतं आणि ब्रेकला लगेच घसरतं. सकाळी पंपावर हवा एकट्याच्या आकड्यावर आणा, शॉकअप मूळ खाचेवर घ्या, हेडलाइट पुन्हा वर. चेनला वंगण द्या. आणि ट्यूबच्या पट्ट्या धुऊन, सुकवून सीटखाली ठेवा, पुढच्या खेपेला लागतील.